केसांच्या गोळ्या

टेस्टोस्टेरॉन ३१२. तेवीस वर्षांची मुलगी. आमच्या लॅबच्या किटप्रमाणे बायकांची वरची मर्यादा पन्नासच्या जवळपास. आकडा दीडशे-दोनशेच्या पुढे गेला की पीसीओडी (अंडाशयांचा नेहमी आढळणारा हार्मोन-विकार) मागे पडतं आणि अंडाशयात किंवा अ‍ॅड्रिनल ग्रंथीत गाठ तर नाही ना, ते बघावं लागतं. सकाळचे कंट्रोल (मशीन तपासायचे ठरलेले नमुने) व्यवस्थित होते, सीरमही स्वच्छ. टेक्निशियन रिपोर्ट सोडणारच होती.

मी अडले ते बाकीच्या आकड्यांपाशी. टीएसएच (थायरॉइडला चालवणारं हार्मोन) ०.०६, एलएच (अंडाशयाला चालवणारं) जवळपास शून्य, प्रोलॅक्टिन (दुधाचं हार्मोन) तळाला. एवढं सगळं एकाच बाईत, एकाच दिवशी?

आमच्या मशीनमध्ये हार्मोन धरणाऱ्या अँटिबॉडी चुंबकी मण्यांवर पकडल्या जातात त्या बायोटिन (एक बी-जीवनसत्त्व) आणि त्याला घट्ट चिकटणारं प्रथिन स्ट्रेप्टॅव्हिडिन यांच्या जोडीमुळे. रक्तातच भरमसाट बायोटिन असलं तर मण्यांवरच्या जागा तेच अडवून बसतं. आपल्याला हवं ते धुऊन जातं आणि मशीन जी चमक मोजतं ती कमी पडते. टीएसएच, एलएचमध्ये चमक कमी म्हणजे हार्मोन कमी. टेस्टोस्टेरॉनचं गणित उलटं, तिथे चमक कमी म्हणजे हार्मोन जास्त. इतकं शिस्तीत चुकलेलं पॅनेल मी पहिल्यांदाच पाहत होते.

फोन लावला. "कुठली औषधं चालू आहेत का?"

"नाही."

"केस गळतात म्हणून काही?"

"हां, त्या केसांच्या गोळ्या आहेत. पण ते औषध नाही हो मॅडम."

मागून आई म्हणाली, "पार्लरवालीनं दिल्यात."

गोळीत बायोटिनच, रोज दहा मिलिग्रॅम. शरीराला दिवसाला पुरतं ते तीसेक मायक्रोग्रॅम!

तीन दिवस गोळी बंद ठेवून पुन्हा रक्त घेतलं. टीएसएच २.४, एलएच ९, टेस्टोस्टेरॉन ५८. गाठीची भीती गेली, पण हे ५८ अधांतरीच. इतक्या खालच्या पातळीवर आमची पद्धत डळमळते. मास स्पेक्ट्रोमेट्री या जास्त अचूक पद्धतीसाठी नमुना बाहेर पाठवायचा तर पैसे जास्त. तिची पाळी दोन-तीन महिन्यांनी येते, म्हणजे पीसीओडीचा शिक्का बसायला हा एक आकडा पुरे.

तपासण्यांची पॅकेजं विकणाऱ्यांना याचं काही नाही. पीसीओडी ओळखायला प्रौढ स्त्रियांत सोनोग्राफीऐवजी एएमएच (अंडाशयातल्या हार्मोनची रक्ततपासणी) चालेल असं २०२३च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत आलं, लगेच ती पॅनेलमध्ये घुसली. किशोरवयीन मुलींत वापरू नका, हेही तिथेच लिहिलंय. परवाच सोळा वर्षांच्या मुलीची एएमएच आली होती.

३१२ कुणालाही दिसलं असतं. मला खुपतात ते सत्तर-ऐंशी आकड्याचे रिपोर्ट. पीसीओडीत केस विरळ होतात, म्हणून बायोटिन सुरू होतं, आणि तपासणीलाही त्याच बायका येतात. फॉर्मवर 'केसांच्या गोळ्या?' असा रकाना आता घातलाय. जुने रिपोर्टही चाळले. एकीचं टेस्टोस्टेरॉन ८४, टीएसएच ०.५. तिच्या डॉक्टरांना फोन करायचाय; सुरुवात कशी करू, तेच दोन दिवस जुळवतेय.