टॉप लोड मशीनचा यूई एरर आणि मी केलेली खटपट

आमचं टॉप लोड मशीन फुल्ली ऑटोमॅटिक आहे आणि बरंच जुनं आहे. कपडे धुवायचं व्यवस्थित, रिन्सही करायचं, पण स्पिनची वेळ आली की सुरुवात मोठ्या झोकात करून मधेच धडधड धडधड, ड्रम आतल्या आत कुठेतरी आपटायचा आणि मग एकदम गप्प. थोड्या वेळाने परत पाणी भरायला सुरुवात, कपडे जरा हलवणार, पाणी सोडणार, परत स्पिनला जाणार आणि परत तेच. असं करून दमलं की स्क्रीनवर यूई आणि पीं पीं पीं. कपडे तसेच चिंब ओले.

यूई म्हणजे कपडे एका बाजूला गोळा झालेत, वजन बॅलन्स नाही (काही कंपन्यांमधे अक्षरं वेगळी असतात, काहींमधे नुसता आकडा). पण मशीनला हे कळतं कसं ते आधी समजून घेतलं पाहिजे, कारण त्याच्यामुळे पुढची सगळी शोधाशोध सोपी झाली. बऱ्याच टॉप लोडमधे वरच्या पॅनेलखाली, झाकणाच्या स्विचपाशी एक छोटी दांडी असते, बाहेरचा टब (पाणी धरून ठेवणारा, ज्याच्या आत ड्रम फिरतो तो) जास्त झुलला की त्या दांडीवर येऊन आदळतो आणि स्विच पडतो. बस, एवढंच. मशीनला कपडे दिसत नाहीत, वजन कळत नाही, टब कडेला लागला एवढंच कळतं. कपड्यांमुळे लागला, मशीन वाकडं उभं आहे म्हणून लागला, का आतलं काहीतरी झिजलंय म्हणून लागला, यातलं काही ते सांगू शकत नाही, सगळ्याला एकच यूई.

एका मेकॅनिकला फोनवर हे सगळं सांगितलं तर न बघताच म्हणाला बोर्ड (मशीन चालवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट) गेलाय, बदलावा लागेल. मला काही ते पटेना. बोर्ड गेला असता तर मशीनने दर वेळी इतक्या शिस्तीत पाणी भरून कपडे पसरायचा प्रयत्न कशाला केला असता? ते तर त्याला शिकवलंय तेच करत होतं. नवरा म्हणाला अगं राहू दे, नवीनच घेऊ. म्हटलं थांबा जरा, आधी बघू तर द्या काय झालंय ते.

पहिलं काम म्हणजे रिकाम्या ड्रमवर नुसता स्पिन लावला. आत कपडाच नाही तर कपडे गोळा व्हायचा प्रश्नच नाही ना. फिरलं, पण वेग घेताना चांगलाच हेलकावा बसला आणि मग सावरलं. मग अर्धा टब पाणी भरून स्पिन लावला आणि मागे ड्रेन पाइपपाशी कान लावून बसले, तर पाणी नुसतं रडत रडत जात होतं, आणि ड्रम फिरायला लागला तरी आत गुळगुळ आवाज चालूच. म्हणजे संशयित दोन निघाले, एक पाणी नीट न जाणं आणि दुसरा तो हेलकावा.

पण त्याआधी फुकटातली कामं उरकली. मशीनच्या वरच्या दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांवर हात ठेवून आलटून पालटून दाबलं, एक पाय अधांतरी होता. पाय फिरवून चारही टेकवले, वरचा लॉकचा नट घट्ट केला (हा घट्ट केला नाही तर थरथरीने पाय परत फिरतो), मोबाइलमधल्या लेव्हलच्या ॲपने दोन्ही दिशांनी बघितलं. नळाकडून पाणी आणणारा इनलेट पाइप काढून व्हॉल्व्हच्या तोंडातली जाळी पकडीने ओढून काढली, ब्रशने घासली. स्पिनशी तिचा काही संबंध नाही, पण पाइप काढलाच होता. पाणी भरायला फार वेळ लागत असेल तर मात्र सगळ्यात आधी हीच जाळी बघा, गाळाने बुजलेली असते.

आता ड्रेन. माझ्या मशीनमधे पंप नाही, पाणी उताराने खालूनच जातं. एक ड्रेन मोटर तार किंवा पट्टी ओढते आणि त्याने रबरी व्हॉल्व्ह उघडतो. यातली गंमत मला फार आवडली, तीच मोटर त्याच ओढीत ब्रेक सोडवते आणि क्लचची (मोटरची फिरकी कुठे जोडायची ते ठरवणाऱ्या भागाची) दांडी सरकवून मशीनला धुण्यातून स्पिनमधे टाकते. एक ओढ, दोन कामं. त्यामुळे पाणी पण जात नाही आणि स्पिन पण होत नाही असं असेल तर दोन वेगळे बिघाड धरून बसू नका, आधी ही मोटर पूर्ण ओढते का ते बघा. आणि उलटं पण होतं, व्हॉल्व्हमधे काहीतरी अडकून तो पूर्ण बंद होत नाही, मग पाणी भरत राहतं आणि खालून जात राहतं आणि आपण म्हणतो नळाला प्रेशर नाही.

प्लग काढला, नुसतं बटण बंद नाही, प्लगच काढला, नळ बंद केला, खाली जुने टॉवेल पसरले आणि मागचं कव्हर उघडलं. व्हॉल्व्हचं टोपण हाताने हलेना, पकडीने कापड लावून फिरवलं, स्प्रिंगसकट बाहेर आलं आणि मागोमाग काळपट पाणी. आत एक तुटलेलं इलॅस्टिक, एक केसांची पिन आणि त्यांच्याभोवती तंतूंचा घट्ट बोळा. रबर फाटलेलं नव्हतं, धुऊन परत बसवलं. ड्रेन पाइप सोडवून बादलीभर पाणी जोरात ओतलं तर त्यातूनही साबणाचे राखाडी तुकडे निघाले. साबण जास्त टाकला की हेच होतं, फेस आतल्या आणि बाहेरच्या टबच्या मधे अडकतो, पाणी जाताना आडवा येतो, ड्रमलाही धरून ठेवतो, आणि शिल्लक साबण कुठेतरी जाऊन चिकटतो. आमच्याकडे आता डब्याबरोबर आलेल्या मापाच्या निम्माच टाकतो आणि कपडे तेवढेच स्वच्छ निघतात.

परत लावून बघितलं, पाणी धो धो गेलं. स्पिन सुधारला, पण जाड टॉवेल टाकले की यूई परत हजर.

मग तो हेलकावा. झाकण उघडून टबचा कोपरा हाताने खाली दाबून सोडायचा, एकदा वर येऊन टब शांत झाला पाहिजे. माझा मागचा डावा कोपरा सोडला की डुलतच राहायचा, आणि नीट बघितलं तर ड्रम सुद्धा त्या बाजूला झुकलेला, कडेची फट एकीकडे कमी एकीकडे जास्त. बाहेरचा टब आत कशावर टेकलेला नसतो, चार कोपऱ्यांतून चार सस्पेन्शन रॉडवर टांगलेला असतो. प्रत्येक रॉडच्या खालच्या टोकाला स्प्रिंग आणि प्लॅस्टिकची वाटी, वाटीत ग्रीस. स्प्रिंग वजन पेलते आणि वाटीचं घर्षण डुलणं थांबवतं. ग्रीस सुकलं किंवा वाटी झिजली की डुलणं थांबवायला काही उरत नाही.

त्याने एवढं काय होतं असं वाटेल, म्हणून एक हिशोब करून बघितला. ड्रमच्या कडेला, मधापासून २५ सेंटिमीटरवर, एक किलो वजन जास्त आहे आणि ड्रम मिनिटाला ७०० फेरे घेतोय असं धरा. तेवढ्या एका किलोमुळे बाहेरच्या बाजूला बसणारी ओढ येते जवळपास १३५ किलोची. आणि एक ओला टॉवेल किलोभर सहज भरतो. वेग दुप्पट झाला की ही ओढ चौपट होते, म्हणून मशीन सुरुवातीला नीट आणि मग अचानक पिसाळतं. २०१६ साली सॅमसंगने अमेरिकेत सुमारे २८ लाख टॉप लोड मशीन रिकॉल केली होती (म्हणजे दोष आहे म्हणून कंपनीने दुरुस्ती किंवा भरपाईसाठी मागे घेतली होती) ती याच कारणाने, थरथरीने मशीनचा वरचा भागच सुटून उडायची भीती होती, आणि पांघरुणं, जाड आणि वॉटरप्रूफ कपडे फक्त डेलिकेट सायकलवर धुवा असं लोकांना सांगितलं होतं. रेनकोट किंवा गादीचं वॉटरप्रूफ कव्हर तर मी स्पिनमधे टाकतच नाही, पाणी त्याच्या पोटात अडकून बसतं आणि वेग वाढला की फुगा एका बाजूला.

रॉड चारही बदलले, एक नाही. एकच नवीन टाकला तर तो कडक आणि बाकीचे सैल, टब परत वाकडा. आणखी एक, पुढचे आणि मागचे रॉड सारखे असतीलच असं नाही, कारण मोटरचं वजन टबच्या बरोब्बर मधे नसतं, बऱ्याच मशीनमधे स्प्रिंगचे रंग वेगळे असतात. जुने काढायच्या आधी फोटो काढून ठेवा आणि मॉडेल नंबरवरूनच मागवा. काम एकट्याचं नाही. वरचं पॅनेल स्क्रू काढून मागे टेकवलं, वायरी ताणल्या जाणार नाहीत एवढं बघितलं, मग नवऱ्याने टबचा कोपरा वर उचलून धरला आणि मी रॉडचं वरचं टोक खाचेतून काढलं, खालून रॉड ओढला, नवीन घातला. "लवकर कर गं, हात भरून आले" हे प्रत्येक कोपऱ्याला ऐकलं.

सगळं उघडलंच आहे तर पल्सेटर पण काढू म्हटलं, म्हणजे तळाची ती फिरणारी चकती. मधला एक स्क्रू असतो, तो निघाला तरी चकती निघत नाही, साबण आणि क्षाराने धरलेली असते. जाड तारेचे दोन आकडे करून समोरासमोरच्या भोकांत अडकवले आणि सरळ वर ओढलं. वास विचारू नका. करडा चिखल, एक नाणं, एक शर्टाचं बटण. कपड्यांवर जे काळे कण चिकटून यायचे ते इथून. घासून बसवलं आणि रिकाम्या टबमधे गरम पाणी भरून सायट्रिक ॲसिडने टब क्लीन सायकल लावली. क्षारांसाठी हे चालतं, बुरशीसाठी ब्लीच चालतं, पण दोन्ही एकत्र कधीही नाही, लागोपाठ पण नाही, ब्लीच आणि ॲसिड मिळून क्लोरिन वायू निघतो आणि बंद बाथरूममधे तो जिवावर बेतू शकतो.

काही गोष्टींना मी हात लावला नाही. मोटर नुसती हुं करत असेल आणि फिरत नसेल तर बऱ्याचदा कपॅसिटर (मोटर सुरू व्हायला मदत करणारा, वीज साठवणारा भाग) गेलेला असतो, पण प्लग काढल्यावरही त्यात चार्ज राहू शकतो, ते काम माहीतगार माणसाचं. झाकण उघडं असलं की स्पिन थांबवणारा स्विच शॉर्ट करून मशीन चालवायचा सल्ला पण कोणी ना कोणी देतोच. वेगात फिरणाऱ्या ड्रममधे हात गेला तर काय होईल एवढा विचार करा आणि नको म्हणा.

आता टॉवेल असले तरी स्पिन पूर्ण होतो, कोपरा दाबून सोडला की टब जागेवर शांत. स्पिन थांबताना एक बारीक चुईं आवाज मात्र येतोय, तो बेल्टचा वाटतो. मागचं कव्हर परत काढून त्याचा ताण बघायचाय, पण नवरा म्हणतो आधी साठलेले सगळे कपडे धुऊन होऊ दे.