मॅरियन अँडरसन

आज सुट्टी होती. जेवणं आटोपल्यावर मॅरियन अँडरसन या अमेरिकन गायिकेला ऐकत बसले ती थेट संध्याकाळपर्यंत. काय खर्ज आहे या बाईंचा! खोल विहिरीतून यावा तसा आवाज वर येतो आणि कुठेही जोर लावल्याचं जाणवत नाही.

जन्म १८९७चा, फिलाडेल्फियातला. गाणं शिकायला गेल्या तर काळ्या म्हणून संगीतशाळेने दारातूनच परत पाठवलं. मग चर्चमधल्या लोकांनी वर्गणी काढून शिकवणीचे पैसे भरले.

१९३९ साली वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलने त्यांना गायला जागा नाकारली. हॉल ज्या महिला संघटनेचा होता, तिचा तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनी राजीनामा दिला. शेवटी ९ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर गाणं झालं. समोर सुमारे ७५ हजार माणसं. त्याची चित्रफीत मी आज पुन्हा पुन्हा पाहिली. अंगात फरचा कोट, पुढ्यात मायक्रोफोनची रांग, आणि बाई डोळे मिटून गातायत. चेहऱ्यावर रागाचा लवलेश नाही. मला मात्र बघताना संताप आवरेना.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात त्यांना पहिल्यांदा गायला मिळालं १९५५ साली, वयाच्या ५७व्या वर्षी! तिथे एकल भूमिका गाणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय. तोवर आवाजाची ऐन उमेदीची वर्षं सरली होती, हे फार लागलं मनाला.

१९५७मध्ये त्या भारतातही आल्या होत्या. तुमच्या घरातल्या कुणी तेव्हा त्यांना प्रत्यक्ष ऐकलं असेल तर नक्की लिहा, मला वाचायचंय.