गाडीचा सातबारा

ब्रिटनमध्ये जुन्या गाडीचा नंबर इंटरनेटवरच्या एका सरकारी पानावर टाकायचा, की ती गाडी आजवर कुठल्या तपासणीत आणि कशामुळे नापास झाली हे कुणालाही फुकट वाचता येतं. मालकाची परवानगी लागत नाही, ओळख लागत नाही. बर्मिंगहॅममध्ये सेकंड हँड गाडी शोधायला लागलो तेव्हा हे कळलं. त्यानंतर कितीतरी रात्री मी अनोळखी लोकांच्या गाड्यांचे इतिहास वाचत बसलो. जमीन घेताना आपण सातबारा काढतो, फेरफार बघतो, तसा हा गाडीचा सातबारा.

इथे गाडी ३ वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी नावाची तपासणी सक्तीची. मान्यता मिळालेली गॅरेजं ती करतात, मोटारीसाठी जास्तीत जास्त फी ५४ पौंड ८५ पेन्स. ब्रेक, टायर, दिवे, सस्पेन्शन, धूर, खालचा गंज, सगळं बघतात आणि मीटरचा आकडाही नोंदवतात. २००५ पासूनच्या नोंदी खुल्या आहेत. मीटर मागे फिरवला असेल तर एका वर्षाचा आकडा पुढच्या वर्षी कमी झालेला समोरच दिसतो.

पण मला सगळ्यात भावली ती पास झालेल्या गाडीखाली लिहिलेली सूचना. 'पास आहे, पण मागचा डावा टायर कडेला झिजलाय.' पुढच्या वर्षी पुन्हा तीच ओळ. त्याच्या पुढच्या वर्षी त्याच टायरवर नापास. अशा गाडीचा मालक मला भेटायचीही गरज उरली नाही. ज्यानं दोन वर्षं टायर बदलला नाही, त्यानं ऑइल वेळेवर बदललं असेल यावर मी विश्वास ठेवणार नाही. उलट एखाद्या साध्या, रंग उडालेल्या गाडीखाली सूचना यायची आणि पुढच्या वर्षी ती गायब असायची. म्हणजे कुणीतरी काम करून घेतलं होतं. मी अशाच गाड्यांच्या मागे लागलो.

आपल्याकडे हे काम माणूस करतो, आणि उत्तम करतो, हेही सांगायला हवं. कोल्हापूरला उद्यमनगरातल्या ज्या मिस्त्रींकडे आमच्या घरातली प्रत्येक गाडी दाखवली जाते, ते रजिस्टर बघत नाहीत. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर गाडी बघायला गेले की पहिल्यांदा सीटबेल्ट पूर्ण ओढून बाहेर काढायचे. धुतलेल्या गाडीतही आतल्या भागावर गाळाची रेघ राहते. मग मॅटखालचा गालिचा, स्टेपनीचा खड्डा, सीटच्या नटांवरचा गंज. कोकणातली गाडी असेल तर आधी खाली वाकून पत्रा बघायचे, खाऱ्या हवेमुळं. इथे समुद्र लांब आहे, पण हिवाळ्यात बर्फ धरू नये म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात आणि त्यानं ब्रेकचे पाइप, खालची चौकट गंजते. ब्रिटिश लोकांच्या नोंदीत 'गंज' हा शब्द दिसला की मला मिस्त्रींचं ते वाकणं आठवायचं.

आणि त्या सरकारी तपासणीत एक मोठी उणीव आहे. इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्सची अवस्था त्यात बघतच नाहीत. म्हणजे खिशाला सगळ्यात जास्त चाट लावणाऱ्या तीन गोष्टी राहिल्याच. इथे मात्र मला उद्यमनगरच लागलं. मिस्त्रींना व्हिडिओ कॉल केला, तर ते म्हणाले, "गाडी थंड आसतानाच चालू करायला लाव, बाळ. तू जायच्या आधीच गरम करून ठेवली आसंल, तर तुझी तुला म्हणावं आणि माघारी ये." सायलेन्सरमधून निळा धूर आला तर इंजिन ऑइल खातंय. ऑइलच्या झाकणाखाली पांढरट चिकटा दिसला तर हेड गॅस्केटची, म्हणजे इंजिनाच्या वरच्या सांध्यातल्या सीलची, शंका घ्यायची. क्लच अगदी वर आल्यावर उचलत असेल तर प्लेट संपत आली. बॉनेटला हात लावून इंजिन खरंच थंड आहे का ते बघायचं. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांत गाड्यांच्या कास्टिंगवर वाढलेलं आपलं गाव आहे, इंजिनाबद्दल कुणाकडून शिकायचं असेल तर मी तिथूनच शिकणार.

देखभाल कमी लागणारीच गाडी हवी, हा माझा हट्ट मजुरीमुळं. स्वतंत्र गॅरेजवालासुद्धा तासाला साठ-सत्तर पौंड सहज घेतो, आणि पार्ट दुरुस्त करत बसण्यापेक्षा बदलतो. दोन तासांचं काम चार तासांवर गेलं की स्वस्तात घेतलेली गाडी महाग झाली. म्हणून डिझेल पहिल्यांदा बाद केलं. ऑफिसला थोडंच अंतर जाणाऱ्या डिझेल गाडीचा धूर गाळणारा फिल्टर नीट तापत नाही आणि काजळीनं तुंबतो. शिवाय शहराच्या मधल्या भागात साधारण २०१५ च्या आधीच्या डिझेल गाडीला प्रदूषणाचे दिवसाला ८ पौंड पडतात, पेट्रोलला मात्र साधारण २००६ नंतरची गाडी चालते. मग ज्या लहान पेट्रोल इंजिनांत टायमिंगचा पट्टा तेलात भिजत फिरतो, तीही सोडली. पट्ट्याचा चुरा पडून तेलाची जाळी बुजली की इंजिनच जातं. उरल्या पट्ट्याऐवजी चेन असलेल्या. त्यातून २०१३ ची टोयोटा यारिस घेतली, १.३३ लिटर पेट्रोल, पाच हजार पौंडांच्या आत. पुढच्या ब्रेक डिस्क झिजल्याची सूचना नोंदीतच होती. ती मालकाला दाखवली, त्यांनी वाद न घालता किंमत कमी केली.

घरी फोटो पाठवल्यावर दाजींनी विचारलं, "तिकडं जाऊन जुनीच घेतली व्हय?" त्यांना वाईट वाटलं होतं, मला कळलं. इथे माझ्याच बरोबरीचे कितीतरी जण हप्त्यावर नवीन गाडी फिरवतात आणि तीन-चार वर्षांनी परत देऊन पुन्हा हप्ता सुरू करतात. ती गाडी त्यांची होतच नाही. माझी पूर्ण माझी आहे. आईवडील इकडे येतील तेव्हा त्यांना हायवेवरून निर्धास्त नेता येईल, इतकं तिच्याबद्दल मला माहीत आहे. नवीन गाडी घ्यायची ऐपत नव्हती असं नाही, पण पैसा गावाकडच्या घराच्या वरच्या मजल्यावर लागलेला मला जास्त आवडेल.

एका बाबतीत मात्र आपण पुढे आहोत. गाडीवर कर्ज आहे का, हे आपल्याकडे आरसीवरच चढवलेलं असतं आणि एमपरिवहन या सरकारी अॅपवर दिसतं. इथल्या फुकटच्या पानावर ते नाही, खासगी कंपनीला पैसे देऊन विचारावं लागतं. अपघातात किंवा पुरात गेल्यामुळं विमा कंपनीनं निकालात काढलेली गाडी दुरुस्त होऊन परत बाजारात आली, तर तिला इथे 'एस' (सांगाड्याला इजा झालेली) किंवा 'एन' (सांगाडा शाबूत असलेली) असा वर्ग असतो, तोही त्याच पैशाच्या अहवालात.

आपल्याकडे खासगी गाडीचं पासिंग एकदम १५ वर्षांनी येतं, मधल्या वर्षांत मीटर कुणी लिहून ठेवत नाही. वर्षातून एकदा आकडा नोंदवून एमपरिवहनवर टाकला आणि पुरात बुडून विम्यात निघालेल्या गाडीसमोर तसं स्पष्ट लिहिलं, तर एमएच ०९ ची गाडी घेणाऱ्या कुणालाही, ज्याच्या ओळखीचा मिस्त्री नाही त्यालासुद्धा, फसवणं अवघड होईल. अॅप आहे, नंबर आहे, फक्त त्या दोन रकान्यांची भर हवी.