तुम्ही विचारलेत म्हणून: दाविदाची स्तोत्रे आजही मंडळीत का गायची?

आमच्या मंडळीतील तरुण हा प्रश्न विचारतात, आणि लग्नाच्या किंवा अंत्यविधीच्या निमित्ताने उपासनेला आलेले हिंदू शेजारीही विचारतात: मराठीत इतकी गोड ख्रिस्ती भजने असताना, हजारो वर्षांपूर्वी परक्या देशात रचलेली बायबलमधली दाविदाची स्तोत्रे तुम्ही नाशिकच्या माणसांना का गायला लावता? मंडळीच्या गायनाची जबाबदारी माझ्याकडे असल्यामुळे याचे उत्तर मी द्यायलाच हवे.

भजनांशी माझे भांडण मुळीच नाही. नारायण वामन टिळक तर नाशिकचे जावई. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे माहेर इथून जवळच असलेल्या जलालपूरचे. टिळकांची पदे आम्ही जवळजवळ दर रविवारी गातो आणि त्यांच्यावाचून मराठी उपासनेची कल्पनाही मला करवत नाही. परंतु आपल्या आवडीने निवडलेल्या गीतांचा एक धोका असतो. निवडताना आपला हात नकळत आनंदाच्या, समर्पणाच्या आणि उपकारस्तुतीच्या गीतांकडेच जातो, आणि ज्याच्या घरात त्या आठवड्यात आनंदाचे काहीच घडलेले नाही, त्याला तासभर नुसते ओठ हलवत बसावे लागते. स्तोत्रसंहिता, म्हणजे बायबलमधील या स्तोत्रांचे पुस्तक, अशी निवड करत नाही. तिच्या 150 स्तोत्रांतील फार मोठा भाग विलापाचा आहे. त्यांत तक्रार आहे, भीती आहे, देवाला विचारलेला जाब आहे, आणि 88 वे स्तोत्र तर अंधाराच्या उल्लेखावरच संपते. असे गीत आपण होऊन रचायला आणि रविवारी सकाळी सर्वांसमोर गायला आपल्यापैकी कोणी धजले नसते.

दिंडोरी आणि निफाडकडची काही शेतकरी कुटुंबे आमच्या मंडळीत आहेत. एका वर्षी काढणीला आलेली द्राक्षबाग अवकाळी गारपिटीत झडून गेली, आणि त्या आठवड्यात मी पाळकसाहेबांच्या संमतीने ठरलेली स्तुतिगीते बाजूला ठेवून 13 वे स्तोत्र घेतले. ते अवघ्या सहा वचनांचे आहे. पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर’ हा प्रश्न चार वेळा येतो, मग दोन वचनांत विनवणी आहे आणि शेवटच्या दोन वचनांत भरवसा. तबला न घेता, पेटीवर नुसता षड्ज धरून मी अर्धी ओळ म्हणत होते आणि उरलेली अर्धी मंडळी म्हणत होती. बागेचे मालक मान खाली घालून बसले होते, त्यांचे ओठही हलत नव्हते. पण त्यांच्या पुढच्या बाकावरच्या आजी, बाजूची शाळकरी मुले, ज्यांचे त्या आठवड्यात काहीही बिघडले नव्हते अशी सारी माणसे ‘कोठवर’ म्हणत होती. भरवशाच्या ओळी त्या गृहस्थांनी म्हटल्या की नाही हे मी पाहिले नाही, आणि पाहण्याची गरजही नव्हती, कारण त्यांच्या वतीने त्या म्हटल्या जात होत्या. सामुदायिक गायन म्हणजे मला हे वाटते, आणि त्यासाठी सर्वांचे दुःख अगोदरच शब्दांत मांडून ठेवलेला असा दुसरा संग्रह माझ्या माहितीत नाही.

ही गीते परकी आहेत, या आक्षेपाचे उत्तर प्रभू येशूच्या चरित्रातच आहे. शेवटच्या भोजनानंतर स्तोत्र गाऊन येशू आणि शिष्य जैतुनांच्या डोंगराकडे गेले, असे मत्तयाने आपल्या शुभवर्तमानात लिहिले आहे. वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरातून झालेल्या सुटकेच्या सणाच्या, रात्री 113 ते 118 ही स्तोत्रे गाण्याची यहुदी रीत पाहता त्यांनी गायिले ते यांपैकीच असावे. वधस्तंभावरील ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हा आक्रोश 22 व्या स्तोत्राचा आरंभ आहे. मात्र ही स्तोत्रे यहुदी समाजाची आजही जिवंत प्रार्थना आहेत, हे विसरून ती आपलीच मालमत्ता असल्यासारखी गाऊ नयेत, असे मी गायकांना आवर्जून सांगते.

नाशिकमधल्या शरणपूरच्या ख्रिस्ती वस्तीला तर ही स्तोत्रे मुळापासूनच परिचित असणार. चर्च मिशनरी सोसायटीने 1854 मध्ये ही वस्ती वसवली आणि गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलेही इथे शिकली. ही सोसायटी इंग्लंडच्या मंडळीची, आणि त्या मंडळीच्या प्रार्थनापुस्तकात सर्व 150 स्तोत्रे महिन्याच्या 30 दिवसांच्या सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थनांत वाटून दिलेली आहेत. म्हणजे बाबेलच्या नद्यांकाठी बसून रडणाऱ्या बंदिवानांचे 137 वे स्तोत्रही त्या क्रमात दर महिन्याला येते. घरापासून तोडल्या गेलेल्या त्या मुलांच्या कानी ते पडले असेल तर कसे वाटले असेल, हा विचार मला ते गाताना प्रत्येक वेळी येतो.

याच स्तोत्राच्या शेवटी शत्रूच्या तान्ह्या मुलांविषयी भयंकर शब्द आहेत. ते गायचे का, असेही मला विचारले जाते. द्वितीय व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे 1962 ते 1965 च्या कॅथलिक बिशपांच्या सभेनंतर, कॅथलिकांच्या दैनिक प्रार्थनाग्रंथातून 58, 83 आणि 109 ही स्तोत्रे पूर्णपणे वगळली गेली, आणि त्यामागची अडचण मी समजू शकते. माझे मत वेगळे आहे. ती वचने चालीत बांधू नयेत, पण वाचून दाखवावीत आणि नंतर थोडा वेळ शांत बसावे. सर्वस्व गमावलेल्या माणसाचा संताप देवासमोर मांडला गेला, तर तो शेजाऱ्यावर निघण्याची शक्यता कमी होते, असे मला मनापासून वाटते.

चालींबाबत म्हणाल, तर नाशिकच्या माणसाला काहीच शिकवावे लागत नाही. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी त्र्यंबकेश्वरकडे जाणाऱ्या दिंड्या आपण लहानपणापासून ऐकल्या आहेत: एकाने ओळ उचलायची आणि बाकीच्यांनी धरायची. 136 वे स्तोत्र मुळातच तसे आहे. त्याच्या 26 वचनांपैकी प्रत्येकाच्या शेवटी ‘त्याची दया सनातन आहे’ हे पालुपद येते, त्यामुळे तिसऱ्या वचनापासून पुस्तक न उघडणारेही त्यात सामील होतात. 120 ते 134 ही पंधरा आरोहणस्तोत्रे तर यरुशलेमेच्या वाटेवरील यात्रेकरूंची गीते मानली जातात. ईस्टरपूर्वीच्या येत्या उपवासकाळात दर रविवारी त्यांतील दोन-तीन स्तोत्रे, एकही वचन न गाळता, टाळांच्या साथीने घ्यायची असे आम्ही ठरवले आहे, आणि तालीम शनिवारी संध्याकाळी असते.