आमची वाटचाल: पेटीतलं ऊन, पेटीतली सावली

आमचा धंदा सुरू झाला तो कोंबडीच्या पिल्लांवर. भोसरीतल्या छोट्या शेडमध्ये दादा आणि मी इनक्युबेटरचे कंट्रोल पॅनल बनवायचो. साडेसदतीस अंश, एकवीस दिवस, आणि आतला पंखा हवा अशी फिरवणार की कुठल्याही कोपऱ्यातलं अंडं गार पडू नये. सगळीकडे सारखी ऊब, हेच आमचं कसब.

मग एका ग्राहकाने विचारलं, "ताई, अशीच पेटी माझ्या बॉल पायथनसाठी कराल का?"

बॉल पायथन म्हणजे आफ्रिकेतला एक छोटा अजगर, आणि अशीच पेटी त्याच्या उपयोगाची नव्हती. साप, सरडा, कासव स्वतःच्या शरीरात पुरेशी ऊब तयार करत नाहीत. उन्हात येऊन ती घेतात आणि सावलीत जाऊन टाकतात. बॉल पायथनला पेटीच्या एका टोकाला ३१-३२ अंश लागतात, तर दुसऱ्या टोकाला २५-२६. भक्ष्य गिळल्यावर ऊब मिळाली नाही तर ते पचत नाही, साप ते बाहेर टाकतो. सतत गारठ्यात राहिला तर श्वसनाचा संसर्ग होतो. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागातला बियर्डेड ड्रॅगन हा सरडा तर बल्बखालचा दगड चाळीसच्या आसपास तापलेला मागतो, पण तापून झाल्यावर त्याला पंचविशीतली जागाही हवी. म्हणजे इनक्युबेटरमध्ये जो फरक आम्ही मिटवत होतो, तोच इथे राखायचा होता. आम्ही पंखा काढला, पेटी लांबट केली, हीटर एका टोकाला नेला. जाळीचं झाकण लावलेल्या फिशटँकमधून ऊब आणि ओलावा दोन्ही उडून जातात, म्हणून पुढे काच आणि बाकी बाजूंना पीव्हीसी शीट, अशी रचना ठरली.

माझा सगळ्यात जास्त जीव आहे थर्मोस्टॅटवर, म्हणजे तापमान बघून हीटर आवरणाऱ्या कंट्रोलरवर. थर्मोस्टॅटशिवाय हीटर आम्ही विकत नाही, कितीही घासाघीस झाली तरी. तापलेल्या मॅटवर, म्हणजे विजेवर तापणाऱ्या चटईवर, साप कातडी भाजेपर्यंत पडून राहू शकतो, वेळीच उठेल असा भरवसा धरता येत नाही. याच कारणासाठी विजेवर तापणारे नकली दगड आम्ही दुकानात ठेवत नाही. मॅटला साधा चालू-बंद थर्मोस्टॅट चालतो. बल्बला मात्र वीज हळूहळू कमी-जास्त करणारा डिमर लागतो, नाहीतर तो दिवसभर लुकलुकतो आणि लवकर जातो. तापमान मोजणारा प्रोब आम्ही क्लिपने स्क्रू मारून बसवतो. तो निसटून पेटीबाहेर लोंबकळला की कंट्रोलरला बाहेरचीच हवा कळते आणि तो आत तापवतच राहतो. हीटर चालू-बंद करणारा रिले चिकटला तरी तेच. म्हणून प्रत्येक पेटीत तापमान फार वाढलं की वीज तोडणारा एक स्वतंत्र कट-आउट असतो, मुख्य कंट्रोलरशी काही संबंध नसलेला. दादाने तो इनक्युबेटरच्या अनुभवातून घातला आणि खर्च वाढला तरी काढू दिला नाही.

काचेला चिकटवायचे गोल तबकडीचे मीटर मी कुणालाही सुचवत नाही. ते काचेजवळची हवा मोजतात आणि प्राणी दगडावर बसलेला असतो. दगडाला टेम्परेचर गन (लांबूनच पृष्ठभागाचं तापमान मोजणारी), हवेला प्रोब.

परदेशी पुस्तकं ऊब कशी द्यावी यावर पानंच्या पानं लिहितात. पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री त्याचा उपयोग होतोच, पण एप्रिल-मे मध्ये प्रश्न उलटा होतो. खोलीच ३६ अंशांवर गेली की हीटर बंद असूनही थंड टोक उरत नाही, आणि थर्मोस्टॅट काही गार करू शकत नाही. पेटी पश्चिमेच्या भिंतीपासून दूर, शक्यतो जमिनीलगत ठेवा, बल्ब उन्हाच्या आधी सकाळी लवकर लावा, हे आम्ही सांगतो. न्यू कॅलेडोनिया बेटावरच्या क्रेस्टेड गेको या पालीला अठ्ठावीसच्या वरची हवा फार वेळ सोसत नाही. घरात एसी नसेल तर त्याच्यासाठी आम्ही पेटी देत नाही. ऑर्डर जाते, जाऊ दे.

दुसरा नकार कायद्याचा. तारा कासव, घोरपड, भारतीय अजगर किंवा आपला कुठलाही रानातला साप पाळण्यासाठी आमच्याकडे पेटी मिळणार नाही. बॉल पायथन आणि हिरवी इग्वाना (परदेशी मोठा सरडा) सायटिसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहेत. त्यांची २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते, आणि ती आम्ही ऑर्डर घेतानाच विचारतो.

आज इनक्युबेटर आणि या पेट्या एकाच शेडमध्ये बनतात. वीज जाते त्या भागातल्या ग्राहकांना आम्ही बल्ब आणि हीटरच्या वायर वेगवेगळ्या करून देतो, म्हणजे रात्रीचा हीटर तेवढा इन्व्हर्टरवर टाकता येतो. आणि पेटी पोचली म्हणून प्राणी लगेच आत सोडायचा नाही. आधी ती काही दिवस रिकामी चालवा, पहाटेचं आणि भर दुपारचं दोन्ही टोकांचं तापमान लिहून व्हॉट्सॲपवर पाठवा. आकडे बघून दादा हीटरची जागा किंवा सेटिंग बदलायला सांगतो, गरज पडली तर स्वतः येतो.