डोमिनार माझ्या मापाची करताना

माझ्याकडे 2019 च्या मॉडेलची बजाज डोमिनार 400 आहे. चाकणला तयार होणारी ही 373 सीसीची गाडी लांबचा पल्ला आरामात गाठता यावा आणि वळणावळणाच्या रस्त्यावर जोमानेही चालवता यावी, अशा दोन्ही हेतूंनी बनवलेली आहे. पुढे जाड यूएसडी फोर्क (पुढच्या चाकाचे उलटे बसवलेले शॉकअप), 320 मिलिमीटरची डिस्क, 13 लिटरची टाकी आणि 800 मिलिमीटर उंचीची सीट, असा तिचा बांधा. माझी उंची पाच फूट तीन इंच आणि वजन 54 किलो. कारखान्यातून निघणारी कोणतीही गाडी सरासरी अंगकाठीचा माणूस समोर ठेवून बनते. मी त्या सरासरीत बसत नाही, म्हणून गेल्या काही वर्षांत या गाडीवर मी जे काम करून घेतले, ते दिखाव्यासाठी नव्हते. तिच्यावर दिवसभर बसून दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावेसे वाटावे, एवढाच उद्देश होता.

सुरुवात एका वहीपासून झाली. पुण्याहून आंबोलीच्या पहिल्या प्रवासात मी प्रत्येक थांब्यावर, शरीराचा कोणता भाग तक्रार करतो आहे, ते लिहून ठेवले. साताऱ्याला मान, कराडला उजवे मनगट, कोल्हापूरच्या पुढे बैठक आणि घाट उतरताना डाव्या हाताची बोटे. घरी आल्यावर ती यादी पाहताना लक्षात आले की, ज्या वस्तू घ्यायच्या म्हणून मी महिनाभर मनात घोळवत होते, त्यांतल्या अर्ध्या या तक्रारींशी संबंधितच नव्हत्या. तेव्हापासून एक नियम पाळला आहे. एका वेळी एकच बदल करायचा आणि त्यानंतर किमान तीनशे किलोमीटर चालवल्याशिवाय दुसऱ्या बदलाला हात लावायचा नाही. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर सुधारणा कशामुळे झाली किंवा बिघाड कशाने आला, हे कधीच कळत नाही.

पहिला महिना एक रुपयाही खर्च न करता गेला. क्लच आणि ब्रेकचे लिव्हर थोडे खाली फिरवले, तेव्हा मनगट आणि कोपर एका रेषेत आले. मग मागच्या शॉकअपचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, माझ्या वजनाला योग्य आहे का ते तपासले. हे माप घ्यायला शिंप्याचा टेप पुरतो. भावाने गाडी साइड स्टँडवर तिरकी धरून मागचे चाक अलगद उचलले आणि मी ॲक्सलच्या मध्यापासून सीटखालच्या एका बोल्टपर्यंतचे अंतर घेतले. मग हेल्मेट, जॅकेट आणि सामानासह मी सीटवर बसले आणि त्याने तेच अंतर पुन्हा मोजले. फरक 22 मिलिमीटर आला. रस्त्यावरच्या गाडीसाठी साधारण 30 ते 40 मिलिमीटर दबणे योग्य मानतात, म्हणजे माझ्या वजनाला स्प्रिंग आधीच फार दाबलेली होती आणि प्रत्येक खड्ड्यावर सीट मला वर फेकत होती. स्प्रिंगवरचा दाब ठरवणारी कडी, म्हणजे कॉलर, दोन घरे सैल केल्यावर माप 31 वर आले. त्या दिवशी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन आले आणि गाडी बदलल्यासारखी वाटली. नवा शॉकअप घेण्याचा विचार त्याच संध्याकाळी सोडून दिला. मागे कोणी बसणार असेल, तेव्हा मात्र कॉलर पुन्हा घट्ट करावी लागते. हा कंटाळा करून चालत नाही, कारण मागचा भाग जास्त दबला की पुढचे चाक हलके पडते आणि वळणात गाडी बाहेर सरकू लागते.

सीटचे काम मी पुण्यातल्याच एका कुशनवाल्या काकांकडून करून घेतले. बाहेरून तयार सीट मागवण्यापेक्षा हे मला अधिक योग्य वाटते, कारण माणूस समोर बसवून माप घेता येते. त्यांनी रेक्झिन उसवले, मला गाडीवर बसवले आणि मांड्या जिथे फोमला टेकतात तिथे खडूने रेघा मारल्या. मग ग्राइंडरला खरखरीत चकती लावून त्या रेघांच्या बाहेरचा फोम इतक्या हलक्या हाताने घासत गेले की, पिवळा भुसा अंगणभर उडत होता आणि सीटचा पुढचा भाग हळूहळू निमुळता होत होता. उंची न घटवता केवळ रुंदी कमी केल्याने माझे दोन्ही पाय जमिनीवर आधीपेक्षा बरेच जास्त टेकू लागले. ‘‘ताई, फोम कमी केला म्हणजे सीट कडक लागणार, तर मध्ये दाट फोमचा एक थर घालतो,’’ असे त्यांनी सांगितले आणि तसेच केले. मऊ गादी दुकानात छान वाटते, पण दोन तासांनी ती दबून बुडाला खालचा पत्रा जाणवू लागतो, त्यामुळे दाट फोमचा त्यांचा आग्रह बरोबर होता.

हँडलबारखाली रायझर, म्हणजे हँडल उंच करणारे ठोकळे, बसवले तेव्हा मी एक चूक केली आणि ती इथे सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते. हँडल 25 मिलिमीटर वर आणि थोडे मागे आल्याने खांद्यांवरचा भार गेला, म्हणून मी खुशीत होते. गॅरेजमधल्या मिस्त्रींनी मात्र गाडी मला सोपवण्याआधी हँडल पूर्ण डावीकडे आणि मग पूर्ण उजवीकडे वळवले आणि मला जवळ बोलावले. ‘‘ताई, इथे बोट ठेवा.’’ क्लचची केबल तारेसारखी ताणली होती आणि पुढच्या ब्रेकचा होज (ऑइलची नळी) वळणावर पांढरट पडत होता. इंजिन चालू ठेवून हँडल वळवले, तर आरपीएम आपोआप वाढत होते, म्हणजे ॲक्सिलरेटरची केबलही ओढली जात होती. घाटातल्या एखाद्या चढत्या वळणावर हे घडले असते तर काय झाले असते, याचा विचार नको वाटतो. केबलचे मार्ग बदलले, क्लच केबल लांबीला जास्त घेतली आणि ब्रेकचा होजही बदलावा लागला. रायझर बसवणाऱ्या प्रत्येकाने ही तपासणी स्वतः करावी, ती पाच मिनिटांची आहे.

होज बदलायचाच होता म्हणून स्टीलच्या जाळीचे आवरण असलेला घेतला. रबरी होज दाबाखाली किंचित फुगतो, जाळीचा फुगत नाही, त्यामुळे लिव्हर अधिक घट्ट लागतो. तरीही हे प्रामाणिकपणे नोंदवते की, माझ्या ब्रेकमध्ये सर्वांत मोठा फरक त्याआधीच, ब्रेक ऑइल बदलल्यावर पडला होता. हे ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. नव्या डॉट 4 दर्जाच्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सियस असतो, पाणी शोषलेल्या ऑइलसाठी ती मर्यादा 155 अंशांपर्यंत खाली येते. लांब उतारावर सतत ब्रेक दाबला की ऑइलची वाफ होते आणि लिव्हर स्पंजासारखा लागतो. माझ्या गाडीतून निघालेले ऑइल कोऱ्या चहाच्या रंगाचे होते. दर दोन वर्षांनी ते बदलणे हे काम दिसत नाही, फोटोत येत नाही, पण इतर अनेक महागड्या भागांपेक्षा मोलाचे आहे.

विंडशिल्डबाबत उंच म्हणजे चांगले, असा समज सर्वत्र आहे. मानेवरचा ताण मात्र वाऱ्याच्या दाबाइतकाच, किंबहुना अधिक, वाऱ्याच्या भोवऱ्यांमुळे येतो. काचेच्या वरच्या कडेवरून सुटलेली हवा हेल्मेटच्या हनुवटीवर आदळली की डोके सतत थरथरते. मोकळ्या सरळ रस्त्यावर मी मान थोडी वर काढून पाहिली, तेव्हा आवाज एकदम स्वच्छ झाला, आणि मान खाली घेताच खडखड परतली. म्हणजे मला एकतर काच आखूड हवी होती किंवा पुष्कळ उंच. मी मात्र तिसरा मार्ग घेतला आणि मध्यम आकाराची, खाली हवा जायला फट असलेली काच निवडली. त्या फटीतून येणारी हवा काचेमागचा कमी दाब भरून काढते आणि भोवरे सौम्य होतात. बजाजने 2021 मध्ये याच गाडीवर उंच काच, हँडगार्ड, इंजिनखालचे कवच, लेग गार्ड, कॅरिअर आणि यूएसबी चार्जर कारखान्यातूनच द्यायला सुरुवात केली. नवी गाडी घेणाऱ्याने हे सामान आधी पाहावे, कारण ते याच चौकटीच्या मापाने बनलेले असते.

दिव्यांच्या बाबतीत मी दुसऱ्यावर विसंबले आणि त्याची किंमत मोजली. एका दुकानात अर्ध्या तासात जादा दिवे बसवून मिळाले. त्या जुलैत आंबोलीचा घाट चढताना दाट धुक्यात आणि धो धो पावसात गाडी एकदम बंद पडली, मीटर काळा झाला, मागचा दिवाही गेला. मागून आलेल्या एसटीच्या चालकाने बस थांबवून, इंडिकेटर चालू ठेवून मला गाडी कडेला घेऊ दिली, त्याचे उपकार मी विसरणार नाही. पुण्यात परतल्यावर मिस्त्रींनी टाकी उतरवली, तेव्हा कारण दिसले. दिव्यांची तार हॉर्नच्या तारेचे आवरण सोलून तिला पीळ देऊन जोडली होती आणि वर साधी चिकटपट्टी गुंडाळली होती. पाणी शिरले, तांबे चौकटीला टेकले आणि मुख्य फ्यूज उडाला. हिशेब खरे तर सोपा आहे. 40 वॅटचे दोन दिवे म्हणजे 80 वॅट, बारा व्होल्टवर जवळजवळ 7 अँपिअर. एवढा प्रवाह हॉर्नच्या बारीक तारेतून आणि छोट्या स्विचमधून नेणे चूक आहे. आता बॅटरीपासून 10 अँपिअरच्या स्वतंत्र फ्यूजमधून तार निघून रिलेच्या (थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) 30 क्रमांकाच्या टोकावर येते, 87 वरून दिव्यांना जाते, आणि हँडलवरचा स्विच 85 व 86 या टोकांमधली कॉइल तेवढी चालू-बंद करतो. जादा दिव्यांची वायरिंग पुन्हा जळाली, तर त्यांचा फ्यूज जाईल, गाडी चालू राहील. दिवेही खाली, पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना बसवले आहेत, कारण धुक्यात उंचावरून टाकलेला प्रकाश थेट डोळ्यांवर परततो. समोरून वाहन येताना ते बंद करण्याची सवय मी हाताला लावून घेतली आहे.

सामानासाठी टॉप बॉक्स सोयीचा, पण त्याचे वजन मागच्या ॲक्सलच्या मागे आणि उंचावर पडते. मी त्यात पावसाळी जॅकेट आणि रिकामे हेल्मेट एवढेच ठेवते. हत्यारे, पाणी आणि पंप सॅडल बॅगेत खाली जातात.

सायलेन्सरला मी हात लावलेला नाही आणि लावणारही नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार गाडीच्या मूळ स्वरूपात असा बदल करता येत नाही आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी 5000 रुपयांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कायदा बाजूला ठेवला, तरी आठ तास तो आवाज आपल्याच कानांवर आदळतो आणि ज्या गावांतून आपण पहाटे जातो, तिथल्या झोपलेल्या माणसांचा आपण अपराध करतो.

सध्या वहीत एकच काम शिल्लक आहे, मागचा टायर. मूळ माप 150/60-17 आहे. रुंद दिसतो म्हणून 160/60 बसवण्याचा सल्ला मला अनेकांनी दिला. त्या मापाची बाजूची उंची 90 ऐवजी 96 मिलिमीटर होते, चाकाचा व्यास जवळजवळ दोन टक्क्यांनी वाढतो आणि 150 साठी बनलेल्या रिमवर रुंद टायर कडेला आवळला जाऊन मध्ये फुगतो, त्यामुळे वळणात गाडी जड वाटते. म्हणून मूळ मापाचाच रेडियल घ्यायचे ठरले आहे. पुढच्या रविवारी मिस्त्रींबरोबर नाना पेठेत जाईन आणि टायरच्या बाजूवरचा चार आकडी कोड पाहून, म्हणजे आठवडा आणि वर्ष तपासून, ताजा माल निवडून आणीन.