एक हात शेडिंगचा: १/२५ सेंच्युरियन

प्लास्टिक रणगाड्यांच्या दुनियेत १/३५, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाचं माप जगभर रूढ झालं, त्यामागचं कारण अगदी कारखानी आहे. टामिया या जपानी मॉडेल कंपनीने १९६१ च्या सुमारास जर्मन पँथर रणगाड्याचं मोटारवर चालणारं मॉडेल काढलं. आत मोटार आणि सेल बसले पाहिजेत म्हणून जो आकार घ्यावा लागला, तो खऱ्या रणगाड्याशी ताडून पाहिल्यावर निघाला १/३५. मग बाकीच्यांनीही तेच धरलं. मी अंधेरी एमआयडीसीत प्लास्टिक मोल्डिंगच्या डायवर, म्हणजे साच्यांवर, काम करतो, त्यामुळे मला याचं नवल वाटत नाही. सेल आधी, हिशेब नंतर.

माझ्या कपाटातले बहुतेक रणगाडे १/३५ चेच आहेत. यंदा मात्र मेहुण्याने येताना टामियाचा १/२५ चा सेंच्युरियन हा ब्रिटिश रणगाडा आणला. (फक्त खोका आणला. रंग आणि थिनर विमानात चालत नाहीत, ते इथेच जमवावे लागतात.) खरा सेंच्युरियन तोफेसकट दहा मीटरच्या जरा आत, वजन पन्नास टनांच्या वर. १/३५ मध्ये तो २८ सेंटीमीटर होतो, १/२५ मध्ये ३९. ऐकायला अकराच सेंटीमीटरचा फरक. पण लांबी, रुंदी, उंची तिन्ही वाढतात, त्यामुळे टेबलावर ठेवल्यावर तो जवळजवळ तिप्पट दिसतो. बायकोने पहिल्या दिवशीच विचारलं, "अहो, हे ठेवणार कुठे?" हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

सेंच्युरियनच का, तर आपल्या लष्कराची पूना हॉर्स. १९६५ च्या सप्टेंबरात सियालकोटच्या बाजूला फिल्लौरा आणि चाविंडाच्या लढाईत ही रेजिमेंट सेंच्युरियन घेऊन उतरली होती. तिचे कमांडर लेफ्टनंट कर्नल आर्देशीर बुर्झोरजी तारापोर १९२३ साली आपल्या मुंबईतच जन्मले. ११ सप्टेंबरला जखमी झाले, तरी मागे जायला नकार दिला, आणि १६ सप्टेंबरला बुटूर डोगरांडी इथे त्यांचा रणगाडा पेटला. परमवीरचक्र मिळालं. अब्दुल हमीद आणि अरुण खेत्रपाल यांची नावं पोरांना पाठ असतात, तारापोरांचं नाव लालबागमध्ये दहा जणांना विचारलं तर एखादा सांगेल. असो.

सेंच्युरियनच्या बऱ्याच आवृत्त्या निघाल्या. टामियाचा खोका मार्क ३ चा आहे आणि मला करायचा होता आपल्याकडचा मार्क ७. डोळ्यांत भरणारा मोठा फरक तोफेच्या नळीवर आहे. मार्क ७ च्या वीस पाउंडर तोफेला मधोमध एक जाड फुगवटा असतो. गोळा पुढे सरकताना थोडा वायू भोकांतून त्या फुगवट्यात भरतो. गोळा बाहेर पडला की तोच वायू तोंडाच्या दिशेने सुटतो आणि नळीतला धूर स्वतःबरोबर ओढून नेतो. नाहीतर ब्रीच, म्हणजे तोफेचं मागचं तोंड, उघडल्यावर सगळा धूर टरेटमध्ये (रणगाड्याच्या वरच्या फिरत्या भागात), आतल्यांच्या नाकात. ही नळी मी जेवणाच्या सुट्टीत लेथवर ॲल्युमिनियमच्या सळीतून काढली. टेपर, म्हणजे टोकाकडचा निमुळतेपणा, अगदी थोडा आहे, पण तो नसेल तर तोफ नळाच्या पाइपासारखी दिसते. ॲल्युमिनियमवर साधं अस्तर धरत नाही, नखाने सोलून येतं. त्याला एच (etch) प्रायमरच लागतो, धातूला चावून धरणारा. तो गाड्यांच्या रंगाच्या दुकानात मिळतो.

बाकी जोडणीचं फारसं सांगत नाही. माझ्यासारख्याला खोका उघडल्यावर रणगाडा दिसत नाही, डाय दिसते. पार्टिंग लाइन (साच्याचे दोन भाग मिळतात ती रेघ) कुठून गेली, भाग साच्यातून बाहेर ढकलणाऱ्या इजेक्टर पिनांचे गोल ठसे कुठल्या बाजूला घेतले, जाड भागामागे सिंक, म्हणजे खळगा, आलाय का. टामियाची माणसं पिन मार्क शक्यतो न दिसणाऱ्या बाजूला टाकतात, ही सभ्यता आहे. पॉलिस्टायरिनला लागणारं पातळ सोल्युशन चिकटवत नाही, दोन्ही कडा विरघळवून एकजीव करतं. म्हणून सांधा दाबला की विरघळलेल्या प्लास्टिकचा मणी वर यायला पाहिजे. तो सुकला की वॉटर पेपरने घासायचा, पुन्हा काही करावं लागत नाही. लांबी (पुट्टी) लावायची वेळ आली तर ती फक्त टरेटच्या सांध्याला.

टरेट मात्र नीट सांगितला पाहिजे. सेंच्युरियनच्या टरेटचा मुख्य भाग ओतीव आहे, छत वेल्ड केलेलं. ओतलेल्या पोलादाचा पृष्ठभाग खरखरीत असतो. नगरच्या रणगाडा संग्रहालयात मी हात फिरवून पाहिलाय, वर रंगाचे इतके थर बसूनही तो खरखरीतपणा लपत नाही. प्लास्टिक गुळगुळीत. मग लांबी थिनरमध्ये सैल करायची आणि कापलेल्या राठ ब्रशने टोचत जायचं. सुकल्यावर वॉटर पेपरचा एकच हलका हात. लहान मापात हे खोटं दिसतं, दगडासारखं. १/२५ मध्ये बरोबर बसतं.

जोडणी पावसाळ्यात केली आणि रंग मुद्दाम थांबवला. जुलैत आपल्या हवेत इतकं पाणी असतं की लॅकर मारला की थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि रंग पांढुरका पडतो. कॉम्प्रेसरला पाणी अडवणारी बाटली लावली तरी ती नळीतलंच पाणी अडवते, खोलीतलं नाही. ऑक्टोबरचं उलटं. रंग फवारणाऱ्या एअरब्रशच्या सुईच्या टोकावरच रंग सुकतो आणि रव्यासारखा उडतो. नोव्हेंबरच्या मध्यापासून पुढे सकाळी नऊच्या आत, हा मुंबईचा रंगवायचा मोसम.

आमच्या गल्लीत तळमजल्यावर गणपतीची कार्यशाळा आहे. तिथले दादा तीसेक वर्षं मूर्तींना रंगाची गन मारतायत. नवरात्र संपलेलं, माघी गणपतीची कामं अजून सुरू व्हायची होती, म्हणून ते वर चहाला आले. तोवर मी सगळ्या रणगाड्याला ऑलिव्हचे दोन हात मारले होते. एकसारखा, कुठे ओघळ नाही. मी खूश. त्यांनी तो हातात घेतला, खिडकीकडे नेला, उलटासुलटा केला.

"भाऊ, हा सपाट का?"

मी म्हटलं, "दादा, लष्करी आहे. एकच रंग असतो."

"रंग एकच असू दे ना. पण उजेड कुठून येतो? आम्ही पितांबराला एकच पिवळा मारतो, मग चुणीत गडद आणि गुडघ्यावर फिका. नाहीतर कापड दिसतच नाही, मातीच दिसते."

मॉडेलवाल्यांच्या मासिकांत यालाच मॉड्युलेशन म्हणतात आणि त्यावर पानंच्या पानं लिहितात. दादांनी ते अर्ध्या कपात संपवलं. खरा रणगाडा उन्हात उभा असतो तेव्हा त्याच्या छतावर आकाश पडतं, बगलेखाली सावली धरते. खेळण्याएवढ्या वस्तूवर ट्यूबलाइट चहूबाजूंनी पोचते, त्यामुळे सावली आपण रंगवल्याशिवाय येत नाही. १/३५ ला हे थोडं कमी झालं तरी खपून जातं, कारण बारीकसारीक अवजारं, हुक, दोरखंड यांनीच जागा भरलेली असते. १/२५ च्या सेंच्युरियनला बाजूला चाकं झाकणाऱ्या त्या लांबलचक सपाट पत्र्या आहेत. त्यांवर नजर टेकायला काहीच नाही. तिथे रंगानेच काम करावं लागतं.

मग ऑलिव्हमध्ये बफ (फिका मातकट पिवळा) घातला, आयसोप्रोपिल अल्कोहोलने दुधापेक्षाही पातळ केला आणि पत्र्यांच्या वरच्या भागात, टरेटच्या छतावर, पुढच्या तिरक्या चिलखताच्या वरच्या कडेला फिका हात मारला. खालच्या बाजूला ऑलिव्हमध्ये काळा आणि किंचित तपकिरी. दादा शेजारी उभे राहून फक्त "लांबून मार, लांबून" एवढंच म्हणत होते. त्यांची गन मूर्तीपासून हातभर लांब असते, माझा एअरब्रश चार बोटं. तरी म्हणणं खरं होतं. जवळून मारलं की पट्टा दिसतो.

चाकांबद्दल तक्रार करण्याचा हक्क मला आहे. एका बाजूला सहा, प्रत्येक दुहेरी, म्हणजे २४ चकत्या. प्रत्येकीच्या कडेला रबराचा पट्टा, तो राखाडीसर काळा. एक पत्री मी मुद्दाम लावली नाही, निदान त्यातली थोडी तरी दिसावीत म्हणून.

आता गंज. इथे माझं बऱ्याच मॉडेलवाल्यांशी पटत नाही. रणगाडा केला की त्यावर गंजाचे ओघळ काढायचेच, असा रिवाज पडलाय. चालू रेजिमेंटचा रणगाडा गंजत नाही. जवान त्याला पुसतात, तेल देतात, रंगवतात. गंज येतो तो सायलेन्सरला, आणि लढाईनंतर शेतात पडून राहिलेल्या सांगाड्याला. चाकांवरून फिरणारे पट्टे पोलादी, ते गडद तपकिरी आणि जमिनीला घासणाऱ्या उंचवट्यांवर चकचकीत. तिथे मी शिसपेन्सिल घासली. तिच्या ग्रॅफाइटला धातूची चमक आपसूक येते.

सप्टेंबरातला सियालकोटचा मुलूख म्हणजे उसाची शेतं आणि धूळ. पिगमेंटच्या परदेशी डब्या महाग, आणि त्यांची गरजही नाही. काष्ठौषधीच्या दुकानातली मुलतानी माती जुन्या धोतराच्या फडक्यातून दोनदा चाळली. रंग फिकट, थोडा पिवळसर, पीठ इतकं मऊ की फुंकर मारली तर उडतं. चाकांभोवती, पत्र्यांच्या खालच्या कडेला, मागच्या इंजिनाच्या जाळीवर ब्रशने टाकली आणि वरून अल्कोहोलचा थेंब सोडून बसवली. ओली असताना काहीच दिसत नाही, वाळली की एकदम उमटते. म्हणून कमीच टाकायची. खाचांमध्ये तैलरंगाचा रॉ अंबर, हा तपकिरी. तो आधी पुठ्ठ्यावर काढून ठेवायचा, पुठ्ठा त्यातलं तेल पिऊन घेतो आणि रंग चमकत नाही.

दादांनी धूळ पाहिली आणि म्हणाले, "एवढी मेहनत करून मळवलास?" मग स्वतःच मागच्या मडगार्डवर बोट ठेवलं: "इथे अजून पाहिजे. गाडी पळते तेव्हा मागेच उडते ना." टाकली.

आता फक्त अँटेना राहिल्यात. सुटे भाग ज्यात जोडून येतात त्या उरलेल्या प्लास्टिक फ्रेमचा तुकडा मेणबत्तीवर धरून ओढला की केसाएवढी तार निघते. पण ३९ सेंटीमीटरच्या रणगाड्यावर ती लुळी पडेल, असं दिसतंय. पुतण्याच्या गिटारची तुटलेली सगळ्यात बारीक तार मागून ठेवली आहे. रविवारी बसवतो.